मोठ्या इंजिनाचा मोह

"आजोबा, आपल्या एस्टीममध्ये बलेनोचं इंजिन टाकू या का?" दिवाळीला आलेल्या नातवाने फराळ करता करता विचारलं. नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत साठवलेले पैसे, कोईमतूरच्या कारी ट्रॅकवर गाडी पळवायची हौस, आणि टर्बो नको, इंजिन नैसर्गिक श्वास घेणारंच हवं हा हट्ट. हट्ट मला आवडला. निवड मात्र साफ चुकीची वाटली. त्यावरून आमची जी जुंपली, ती अजून मिटलेली नाही. म्हणून हे लिहितो आहे.

मी मराठी आणि इतिहास शिकवणारा मास्तर. गणित फक्त बदली तासाला. पण या वादाला तेवढं गणित पुरतं.

नातू म्हणतो जुन्या, म्हणजे १९९९ ते २००७ या काळातल्या बलेनोबद्दल. तिचं इंजिन १५९० सीसी, शक्ती सुमारे ९४ अश्वशक्ती. आमच्या सोळा व्हॉल्व्हच्या एस्टीमचं १२९८ सीसी, सुमारे ८५. म्हणजे २९२ सीसी जास्त घेऊन पदरात पडतात नऊ घोडे! असं का व्हावं?

कारण इंजिन मोठं कसं केलंय ते बघा. एस्टीमचा बोअर ७४ मिलिमीटर, स्ट्रोक ७५.५. बलेनोचा बोअर ७५, स्ट्रोक ९०. खोली उंच केली, रुंदी जवळजवळ तेवढीच ठेवली. व्हॉल्व्ह बसतात ते या रुंदीत. दार तेवढंच ठेवून सभागृह मोठं केलं, तर माणसं आत येणार कुठून?

नैसर्गिक श्वासाच्या इंजिनात सगळा खेळ हवेचा आहे. दर दोन फेऱ्यांना प्रत्येक सिलिंडर एकदा हवा ओढतो. ६,००० फेऱ्यांना १२९८ सीसीचं इंजिन पूर्ण भरलं, तर मिनिटाला सुमारे ३,९०० लिटर हवा घेईल. टर्बो ही हवा दाबून कोंबतो, आपल्याला ती वातावरणाच्या भरवशावर घ्यायची आहे. मग शक्ती वाढवायचे मार्ग दोनच उरतात. प्रत्येक श्वास अधिक पूर्ण घ्या, किंवा मिनिटाला श्वास वाढवा.

श्वास वाढवायचे तर स्ट्रोक आडवा येतो. ७,००० फेऱ्यांना एस्टीमच्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १७.६ मीटर होतो, बलेनोच्या पिस्टनचा २१. एस्टीमइतक्याच वेगात पिस्टन ठेवायचा तर बलेनोला ५,९०० च्या अलीकडेच थांबावं लागेल. शिवाय फेऱ्या वाढल्या की रॉड-बेअरिंगांवरचा हिसका वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ६,००० वरून ७,००० म्हणजे ३६ टक्के जास्त. वीस-बावीस वर्षं जुन्या बेअरिंगांना हे सांगून बघा!

"मग होंडा सिटी व्हीटेक?" नातवाचा पुढचा प्रश्न. ते इंजिन उत्तमच. १४९३ सीसीतून सुमारे १०६ अश्वशक्ती. पण त्या गाड्या २००० ते २००३ मधल्या. न उघडलेलं, न पिळलेलं इंजिन सापडणार कुठे? आणि सापडलंच तर सुटे भाग कुठल्या भावाने? स्वस्त इंजिन म्हणजे स्वस्तात विकत मिळालेलं इंजिन नव्हे. स्वस्त म्हणजे फुटलं तर पुन्हा उभं करता येणारं. एस्टीमच्या इंजिनाचं घराणं जिप्सीत होतं, २००५ च्या पहिल्या स्विफ्टमध्येही होतं. आपल्या गावच्या मेकॅनिकने ते डझनभर वेळा उघडलेलं आहे. लेथवाल्याला त्याची मापं पाठ आहेत. ही पुंजी माहितीपत्रकात छापत नाहीत.

टर्बोवाल्यांचं एक म्हणणं मी मान्य करतो. रुपयामागे घोडे मोजले तर तेच जिंकतात. हेडचं काम, कॅमशाफ्ट, हेडर एवढं सगळं करून ८५ चे १०० झाले, तरी पाठ थोपटून घ्यावी. आणि महाबळेश्वरला, १,३५० मीटरवर, हवाच सुमारे बारा टक्के विरळ. तिथे आपलं इंजिन धापा टाकणारच. पण एस्टीम नऊशे किलोंच्या आसपासची गाडी आहे. तिला पंधरा घोडेही भरपूर होतात, आणि ते पायाच्या इशाऱ्यासरशी येतात.

नातवाला मी कागदावर क्रम लिहून दिला. आधी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घे. रिंगा, व्हॉल्व्ह सीट, रेडिएटर, टायमिंग बेल्ट नीट कर. मग ब्रेक आणि टायर. मग हेडचे मार्ग, कॅम आणि एक्झॉस्ट. त्यांच्या जोडीला इंधनाचं ट्यूनिंग. बॉनेटखालची गरम हवा ओढणारा उघडा फिल्टर आणि गल्ली जागवणारा सायलेन्सर यादीत नाही. आवाज म्हणजे शक्ती नव्हे, हे चाळीस मुलांच्या वर्गात उभं राहिलेल्याला वेगळं शिकवावं लागत नाही.

आणखी एक. गाडी माझ्या नावावर आहे. इंजिन बदलायला आरटीओची परवानगी लागते. मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये बजावलं आहे. ट्यून केलेली गाडी ट्रॅकवर ट्रेलरवरूनच जाईल, ही माझी अट.

नातू रुसून पुण्याला गेला. परवा त्याचा फोन आला. "आजोबा, कॉम्प्रेशन मोजायचं ते इंजिन गरम असताना की थंड?"

गरम असताना, बाळा. आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून.

बलेनोचं नाव त्याने काढलं नाही. मीही काढलं नाही.