इमोएनने किती मारले?

परवा शनिवारी एका मित्राकडे जेवायला गेलो आणि भलत्याच वादात पडलो. विषय राजकारणाचा नव्हता, क्रिकेटचाही नव्हता. विषय होता 'बाल्डर्स गेट'. हो, तोच १९९८ चा जुनापुराणा गेम. मी कॉलेजात असताना होस्टेलवर रात्री जागून खेळलो होतो, साहेब आत्ता खेळतायत. आणि त्यांनी इमोएनला टीममधून चक्क काढून टाकलंय!

"अरे, थीफ म्हणजे नुसतं ओझं. टीममध्ये सहाच जागा, त्यातली एक फुकट कशाला घालवू?"

पुरावा म्हणून त्याने जुना सेव्ह उघडून तिचं रेकॉर्डचं पान दाखवलं. टीमने मारलेल्या शत्रूंपैकी कुणी किती टक्के मारले, याचा हिशेब तिथे असतो. फायटरपुढे दणदणीत आकडा, इमोएनपुढे चिमूटभर.

आता गणितात तो चुकत नाही, हे आधीच मान्य करतो. गेम चालतो डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या दुसऱ्या आवृत्तीच्या नियमांवर. तुमच्या 'थॅको'मधून शत्रूचा आर्मर क्लास वजा करायचा. वीस बाजूंच्या फाशावर तेवढं किंवा जास्त पडलं की वार लागला. ६४ हजार एक्सपीला फायटर आणि थीफ दोघंही सातव्या लेव्हलला असतात. फायटरचा थॅको १४, थीफचा १७. समोर आर्मर क्लास २ चा शत्रू असेल तर फायटरचा वार लागण्याची शक्यता ४५ टक्के, थीफची ३०. शिवाय या लेव्हलला फायटर दोन राउंडमध्ये तीन वार करतो, थीफ दोनच. म्हणजे दोन राउंडमध्ये लागणारे वार सरासरी १.३५ विरुद्ध ०.६. तेही ताकदीचे वगैरे बोनस न धरता. बॅकस्टॅबने तिप्पट डॅमेज होतो खरा, पण आधी लपा, मग पाठीमागे जा, आणि एक वार केला की तुम्ही उघड्यावर.

मग मित्राचं बरोबर? अजिबात नाही. मोजपट्टीच चुकीची आहे.

हा शहाणपणा मीही एकदा केला होता. इमोएनच्या जागी आणखी एक फायटर घेतला आणि १९९९ च्या एक्स्पान्शनमधल्या डरलॅग्ज टॉवरमध्ये घुसलो. तिथे जिकडे पाय टाकाल तिकडे ट्रॅप! क्लेरिकच्या मंत्राने ट्रॅप दिसतात, पण निकामी होत नाहीत. माझे फायटर एकेक करून पडत होते आणि रात्री दोनपर्यंत मी लढत नव्हतो, नुसता सेव्ह लोड करत बसलो होतो. थीफने निकामी केलेला ट्रॅप कुणालाच लागत नाही, त्यामुळे त्या पानावर तो येतही नाही. जे घडलंच नाही त्याची टक्केवारी कुठून आणणार?

तरी ओरड एकच: प्रत्येक क्लास लढाईत सारखाच उपयोगी हवा. घ्या, २०२३ च्या तिसऱ्या भागात तसं बरंचसं झालंय. रोगला दर टर्नला स्नीक अटॅक मिळाला. पण कुलपं आणि ट्रॅपची हत्यारं आता कुणाच्याही हातात चालतात. रोग मारायला शिकला आणि त्याच्यावाचून कुणाचं अडेनासं झालं. याला न्याय म्हणायचं?

"पण लढाई चालू असताना थीफ नुसता बसून राहतो" ही तक्रार मात्र रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे डरलॅग्ज टॉवरसारख्या जागा वाढवा. थीफला छोटा फायटर बनवणं हा उपाय नव्हे.

असो. हा माझा मित्र टेस्टर आहे. मागच्या अप्रेझलमध्ये त्याला रेटिंग कमी मिळालं. रिलीज एकही मोठा बग न येता पार पडला, तर "मग तू नेमकं काय केलंस?" असं त्याला विचारलं गेलं. मी डेव्हलपर, माझ्या नावापुढे फीचर्स मोजता येतात, मला बरं रेटिंग मिळालं. त्या रात्री तो तासभर माझ्यापाशी चिडून बोलत होता आणि त्याचा शब्द न् शब्द खरा होता.

शनिवारी त्याला याची आठवण करून दिली. गडी गप्प झाला. मग म्हणाला, "ती परत येते का रे टीममध्ये?"

येते. टॉवरच्या आधी घे म्हणालो.