जन्मवेळ कोणत्या घड्याळाची?

घडून गेलेली गोष्ट बदलत नाही, असा आपला समज असतो. संगणकातील काळाचा हिशेब पाहिला म्हणजे या समजाला धक्का बसतो. बहुतेक संगणक १ जानेवारी १९७० च्या ग्रिनिच येथील मध्यरात्रीपासून सेकंद मोजतात. त्यापूर्वीचा काळ उणे आकड्यांत. त्या आकड्यावरून एखाद्या गावी तेव्हा किती वाजले होते हे सांगण्यास एक कोष्टक लागते. कोणत्या देशाने प्रमाणवेळ कधी बदलली, उन्हाळ्यात घड्याळे कधी पुढे केली, याची ही जंत्री आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८० नंतरच्या दशकात आरंभिली. आज स्वयंसेवक ती सांभाळतात आणि वेळोवेळी तिची सुधारित आवृत्ती निघते. काम निरलस आहे, यात शंका नाही.

परंतु कोष्टक बदलले की भूतकाळही सरकतो. १९७० नंतर ज्यांची घड्याळे एकसारखी चालली ती स्थाने एकत्र करावीत, या धोरणाने २०२२ साली ऑस्लोची नोंद बर्लिनशी जोडण्यात आली. आता १९४७ चा उन्हाळा पाहा. ११ मे ते २९ जून जर्मनीची घड्याळे ग्रिनिचच्या तीन तास पुढे होती. नॉर्वेची एकच तास. त्या वर्षी १० जूनला ऑस्लोत जन्मलेल्या मुलाची तारीख नव्या कोष्टकाने, मध्यरात्र धरून, साठविली आणि जुन्या कोष्टकाने वाचली, तर उत्तर येते ९ जून, रात्रीचे दहा! ऑस्लोचे जुने तपशील टाकून दिलेले नाहीत, बाजूच्या फाइलीत आहेत. पण तेथवर जातो कोण?

आमच्याकडे तर भारतासाठी एकच नाव आहे, कोलकात्याचे. साडेपाच तासांची प्रमाणवेळ १९०६ साली आली. मुंबई शहराने मात्र आपला ४ तास ५१ मिनिटांचा ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत जपला. गोवा १९६१ पर्यंत पोर्तुगीज अमलाखाली होता. त्याचेही वेगळे नाव नाही. मुंबईत जन्मलेल्या आजोबांच्या वहीतील ‘सकाळी सहा’ संगणकास दिले की तो बेलाशक कोलकात्याच्या ओळीने हिशेब करतो. वही मुंबईच्या वेळेची असेल, तर ३९ मिनिटांची चूक! (पत्रिकेवर आमचा विश्वास नाही, ज्यांचा आहे त्यांनी लग्नराशीचा विचार करावा.)

कोष्टककर्त्यांस दोष देण्यात अर्थ नाही. १९७० ची मर्यादा त्यांनी उघड सांगितली आहे. दोष नोंदी चढविणाऱ्यांचा. मूळ कागदावरील वेळ, गाव आणि घड्याळ जसेच्या तसे ठेवावे. ग्रिनिचचा हिशेब शेजारी, कोष्टकाच्या आवृत्तीच्या उल्लेखासह लिहावा, म्हणजे तो पुन्हा करता येईल. नुसती जन्मतारीख तर सेकंदांत मोडण्याचे कारणच नाही.

आपल्यापैकी ज्यांच्या घरी मुंबईच्या जुन्या वह्या असतील, त्या विद्यार्थ्यांनी वडीलधाऱ्यांस विचारून ती वेळ स्टेशनच्या घड्याळाची की शहराच्या, हे समासात आताच लिहून ठेवावे. हे सांगू शकणारी माणसे आता थोडी उरली आहेत.