दोष जमिनीचा कीं बियाण्याचा ?

घासाच्या वाफ्यांत पिवळे दोरे दिसूं लागले कीं आपल्याकडील शेतकरी पहिला बोल जमिनीस लावतो. कोणी म्हणतो, खतें घालून जमीन आंबट झाली. कोणी म्हणतो, पाणी देऊन देऊन ती खारावली. म्हणूनच अमरवेल माजली. हा समज चुकीचा असून तो आपणांस महाग पडत आहे, असें माझें स्पष्ट मत आहे. मी शेतकीचा पंडित नव्हें. मराठी शाळेंतील शिक्षण व महसूल खात्यांतील कारकुनी एवढेंच माझें भांडवल. परंतु या समजापायीं मीं स्वतःचे पैसे व शेजाऱ्याचें पीक घालविलें आहे, म्हणून हे चार शब्द लिहीत आहें.

सेवानिवृत्तीनंतर निफाड तालुक्यांतील वडिलोपार्जित जमिनींत मीं दोन गाईंपुरता दहा गुंठे घास केला. दुसऱ्याच कापणीस अमरवेल दिसली. जमीन आंबट झाली आहे, चुना टाका, असा सल्ला मिळाला. सुदैवानें मृदा आरोग्य पत्रिका घरांत होती. तींत सामू ८.१ लिहिलेला. सामूचा मध्य सात. त्याच्या खालीं जमीन आंबट, वर अल्कधर्मी. म्हणजे माझी जमीन आंबट नव्हतीच. तेव्हां दुसरा सल्ला आला कीं, मग गंधक टाका. तें मीं टाकलें. चुनखडीच्या काळ्या जमिनींत थोड्याशा गंधकानें सामू हलत नाहीं, हें मागाहून समजलें. वेल मात्र पसरतच राहिली.

१८३५ च्या सुमारास इंदापुराकडे मुंबई इलाख्याची पैमाष सुरू झाली, तेव्हांपासून जमिनीची खोली, रंग, चुनखडी, रेती व उतार पाहून प्रत ठरविण्याची संवय आम्हां महसूलवाल्यांस जडली आहे. मुळांवर जगणाऱ्या पिकास ती रीत लागू पडते. पण अमरवेलीस मूळच कोठें आहे ? तिचें बी रुजलें म्हणजे सुतासारखा कोंब कांहीं दिवस आधार शोधतो. आधार न मिळाल्यास तो मरतो. मिळाल्यास त्या पिकाच्या देठांत शोषकें घुसवून जमिनीशीं असलेला आपला संबंध तोडतो. पुढें तिचें अन्नपाणी सर्व त्या पिकाचेंच. जिला मातीशीं देणेंघेणें उरलें नाहीं, तिला मातीचा आंबटपणा काय करणार ?

अर्थात् मातीचा परिणाम आडमार्गानें होतो, तो पिकामार्फत. घासास आंबट जमीन मानवत नाहीं, म्हणून घासावरील अमरवेल आपल्या काळ्या जमिनींत दिसते. परंतु तेवढ्यावरून इगतपुरी, पेठ, सुरगाणा येथील बांधवांनीं निर्धास्त राहूं नये. तेथील अतिवृष्टीच्या डोंगरउतारांवर खुरासणी होते. ओडिशाच्या डोंगराळ भागांतील आंबट तांबड्या मातींत याच खुरासणीस अमरवेल छळते. आसामच्या चहामळ्यांतील मिकानिया ही वेल स्वतःच्या मुळांवर जगते. तिच्याविषयीं मातीचा विचार प्रस्तुत आहे. अमरवेलीस मात्र जमीन कोणतीही चालते, पीक मनाजोगें मिळालें म्हणजे झालें.

मग ती येते कोठून ? बियाण्यांतून. तिची एक जात मूळची उत्तर अमेरिकेची. घासासारख्या चाऱ्याच्या बियांबरोबरच ती जगभर पसरली. माझें बी आठवडे बाजारांतील, सुटें व बिनपावतीचें होतें. उरलेलें मूठभर बी मीं पांढऱ्या कागदावर पसरलें. घासाचा दाणा घेवड्यासारखा वांकडा व तुळतुळीत. मधूनमधून मात्र बारीक, गोलसर व खरबरीत दाणे. तेंच अमरवेलीचें बी.

याहून मोठी चूक पुढें झाली. बी धरलेली वेल मीं गाईंस घातली व तें शेणखत भावकींतील एका शेजाऱ्यास कांद्यासाठीं दिलें. हें बी गुरांच्या पोटांतून जिवंत बाहेर पडतें आणि जमिनींत दहा वर्षांहून अधिक काळ टिकतें. पुढील सालीं त्यांच्या कांद्यावर पिवळे दोरे चढले. त्यांनीं मला शब्दानेंही दुखविलें नाहीं; परंतु त्यांच्या बांधावरून जातांना माझी मान अद्याप वर होत नाहीं.

बियाणें कायदा १९६६ सालचा आहे. घासाच्या प्रमाणित बियाण्याच्या तपासणींत अमरवेल हें आक्षेपार्ह तण गणलें जातें. असें असतां आपण दोन पैसे वांचविण्यासाठीं सुटें बी घेतों. म्हणून माझी सूचना अशी : येत्या कार्तिकांतील पेरणीपूर्वीं संघानें ठराव करून घासाचें बी प्रमाणित व पावतीसहच विकावें. वेल दिसतांच, ती फुलण्यापूर्वीं, तेवढ्या जागेचा घास जमिनीलगत कापून वेलीसह जाळावा; नुसती ओढून काढल्यास राहिलेला तुकडा पुन्हां वाढतो. बी पडलेल्या शेतांत कांहीं वर्षें ज्वारी, बाजरी, मका अथवा गहूं घ्यावा, कारण या पिकांवर ती जगत नाहीं. बी धरलेली वेल गुरांस मुळींच घालूं नये.

माती अवश्य तपासावी. खताचा हिशेब तीवरच बसतो. परंतु बियाण्याची बाकी जमिनीच्या खात्यावर लिहूं नये. तसें केल्यास हिशेब कधींच जुळणार नाहीं, आणि ती बाकी शेवटीं शेजाऱ्याच्या माथीं बसेल.