पाइप दिसता कामा नयेत

दिल्लीत मोठी इमारत उभी करायची तर तिचा नकाशा दोनदा तपासला जातो. एकदा नियमांसाठी, एकदा सौंदर्यासाठी. नियम पालिका बघते: चारी बाजूंनी किती जागा सोडली, किती उंच गेलात, चटईक्षेत्र किती, जिना केवढा. सौंदर्य बघायला वेगळं मंडळ आहे, दिल्ली अर्बन आर्ट कमिशन. संसदेनं १९७३ साली खास कायदा करून ते स्थापन केलं आणि १९७४ पासून ते काम करतंय. इतर शहरांतही कमीअधिक अधिकारांच्या समित्या आहेत. मुंबईत १९९५ च्या वारसा नियमावलीनंतर वारसा समिती आली. पण दिल्लीच्या आयोगामागं थेट संसदेचा कायदा आहे, म्हणून त्याच्याविषयी लिहिते.

मी दिल्लीत एका वास्तुविशारदाच्या कार्यालयात नोकरी करते. नकाशे काढणं आणि मंजुरीसाठी त्यांचे संच तयार करणं हे माझं रोजचं काम. वडील परभणीत गवंड्याच्या हाताखाली बिगारी होते. म्हणजे इमारत ही आमच्या घरात जुनी गोष्ट. ‘आर्किटेक्चर’ मात्र माझ्यापासून सुरू झालं. आरक्षण, शिष्यवृत्ती, प्राध्यापक भरती यांवर आपण तावातावानं बोलतो आणि बोललंच पाहिजे. पण शहर कसं दिसावं हे कोण ठरवतं, यावर आपल्या सभांमध्ये एक शब्द निघत नाही. तो विषय आपण सुखवस्तू लोकांच्या दिवाणखान्याला देऊन टाकलाय.

आयोगाकडे काय काय जातं, याची यादी कायद्याच्या अकराव्या कलमात आहे. जिल्हा केंद्रं, सरकारी कार्यालयांच्या जागा, निवासी संकुलं, सार्वजनिक बागा, कॅनॉट प्लेस, सेंट्रल व्हिस्टा, लुटियन्सचा सगळा बंगल्यांचा भाग, जामा मशीद, लाल किल्ला, कुतुब, हुमायूनची कबर यांचा परिसर. शिवाय भुयारी मार्ग, जाहिरातींचे फलक, पाण्याचे टॉवर, कारंजी आणि पुतळे. पुतळ्यांकडे नंतर येते. बारावं कलम म्हणतं की असा प्रस्ताव मंजूर करण्याआधी स्थानिक संस्थेनं तो आयोगाकडे पाठवलाच पाहिजे आणि आयोगाचा निर्णय त्या संस्थेवर बंधनकारक राहील. सरकारला हे मंडळ सल्ला देतं. पालिकेला मात्र त्याचा शब्द मोडता येत नाही.

प्रत्यक्षात होतं असं. वास्तुविशारद आधी कच्चा आराखडा दाखवू शकतो, पुढं रीतसर प्रस्ताव पालिकेमार्फत जातो. सोबत जागेचा नकाशा, प्रत्येक मजल्याचा नकाशा, चारही बाजूंची एलिव्हेशन्स, सेक्शन, आजूबाजूचे फोटो आणि संगणकावर काढलेली रंगीत चित्रं. या चित्रांत आकाश नेहमी निळं, झाडं वाढलेली आणि माणसं गोरी, लॅपटॉपची बॅग खांद्याला लावलेली. (झाडू मारणारी बाई अशा चित्रात टाकलेली मी आजवर पाहिली नाही. चित्रांसाठी माणसांच्या आयत्या आकृत्या मिळतात, त्यातही ती सापडत नाही.) मग बैठक होते आणि शेरे लिहिले जातात. हे इतिवृत्त आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतं.

मी ती इतिवृत्तं सवयीनं वाचते. त्यातले बरेच शेरे शहाणपणाचे असतात. इमारत शेजारच्या उंचीशी जुळत नाही, पायी येणाऱ्यानं आत शिरायचं कुठून ते कळत नाही, सादर केलेली चित्रं आणि नकाशे एकमेकांशी मेळ खात नाहीत. अशी तपासणी नसती तर बिल्डरांनी शहराचं काय केलं असतं, ते दिल्लीच्या वेशीबाहेर गेलात की दिसतं. त्यामुळं आयोग बरखास्त करा असं मला म्हणायचं नाही.

मला बोलायचंय ते त्या शेऱ्याबद्दल, जो प्रस्तावामागून प्रस्तावाला जवळजवळ त्याच शब्दांत मिळतो. सांडपाण्याचे पाइप, एसीची बाहेरची यंत्रं, जनरेटर, गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या हे सगळं नीट झाका, बाहेरून दिसता कामा नये. वाळत घातलेले कपडेसुद्धा जाळीआड गेले पाहिजेत.

वरवर यात चूक काय? कुणाला आवडतात लोंबणारे पाइप? पण पाइप झाकला की तो संपत नाही. तो चुंबतो, फुटतो, गळतो. दर्शनी भिंतीवरचा पाइप दुरुस्त करायला माणूस परांचीवर उभा राहतो, उजेडात आणि मोकळ्या हवेत. तोच पाइप इमारतीच्या पोटातल्या अरुंद डक्टमध्ये नेला की माणसाला त्या डक्टमध्ये शिरावं लागतं. टाकीचं तेच. जमिनीवर असलेली टाकी डोळ्यांना खुपते म्हणून ती तळघरात जाते, मग दुसऱ्या तळघरात जाते. मैला उपसणारी गाडी तिथवर उतरू शकत नाही, तळघराची उंची तेवढी नसते. जिथं गाडी पोचत नाही तिथं माणूस पाठवला जातो. आणि या देशात तो माणूस कोणत्या जातीचा असतो, हे या पानाच्या वाचकांना मी सांगायची गरज नाही.

९ सप्टेंबर २०१८ रोजी पश्चिम दिल्लीत मोती नगरच्या एका आलिशान निवासी संकुलात सांडपाणी प्रक्रियेच्या टाकीत उतरलेले पाच कामगार मेले. बातम्या आल्या, ठेकेदाराबद्दल आणि सुरक्षा साधनांबद्दल चर्चा झाली. हातानं मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणारा २०१३ चा कायदा तेव्हा होताच. २७ मार्च २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं सफाई कर्मचारी आंदोलनाच्या याचिकेवर निकाल देऊन अशा मृत्यूसाठी १० लाखांची भरपाई ठरवली होती. पुढं २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ती ३० लाख झाली. न्यायालय मरणानंतर येतं. ठेकेदार त्या दिवशी येतो. पण ती टाकी तिथं, तेवढ्या खोल, तेवढ्या तोंडाची असावी, हे त्याच्याही कितीतरी आधी एका नकाशावर ठरलेलं असतं, आणि त्या नकाशावर कुणाची तरी सही असते.

यात तंत्राची अडचण आहे असं समजू नका. टाकीतला पंप वर ओढून घेता येईल असा मार्गदर्शक रुळांवर बसवता येतो. साखळीनं ओढला की पंप बाहेर, माणूस उतरायचं कारण नाही. किंवा पंप टाकीबाहेर कोरड्या खोलीत ठेवता येतात. कचरा अडवणारी जाळी हात पोचेल अशा पातळीवर घेता येते. टाकीचं झाकण गाडीच्या रस्त्याला लागून ठेवता येतं, वायुवीजनाचा पाइप वरपर्यंत नेता येतो (आणि हो, तो दिसेल). हे सगळं एका सेक्शनमध्ये दाखवता येतं, कागद एकच जास्त लागतो. पण या टाकीत बिघाड झाला तर माणूस आत न उतरता तो कसा काढणार, हा प्रश्न मला अजून एकाही इतिवृत्तात वाचायला मिळालेला नाही.

हे बोललं की कार्यालयातले ज्येष्ठ सहकारी सांगतात, आयोगाचं काम सौंदर्याचं आहे, सुरक्षेचं नाही. ते मला पटत नाही. एक तर कायदा नुसत्या आकाशरेषेबद्दल आणि परिसराच्या सौंदर्याबद्दल बोलून थांबत नाही. त्याच वाक्यात तिथल्या सार्वजनिक सोयींचाही उल्लेख आहे. आणि टाकी कुठं लपवायची हे तुम्ही सांगणार असाल, तर तिच्यापर्यंत पोचायचं कसं हेही तुमच्याच वाट्याला येतं. झाका म्हणायचं आणि झाकलेल्या ठिकाणी कोण जाणार ते विचारायचं नाही, ही विभागणी आपल्या ओळखीची आहे. गावाच्या रचनेतही असंच होतं. घाण ज्यांनी उचलायची त्यांची वस्ती गावाबाहेर आणि वाऱ्याच्या दिशेचा विचार करून. गाव त्यामुळं स्वच्छ आणि सुंदर दिसायचं.

आता हे ठरवणारे कोण? कायद्यानुसार एक अध्यक्ष आणि दोन ते चार सदस्य, सगळे केंद्र सरकारनं नेमलेले. वास्तुकला, नगररचना अशा विषयांतलं विशेष ज्ञान आणि प्रत्यक्ष अनुभव ही त्यांची पात्रता. आरक्षणाची तरतूद नाही. मला ‘प्रत्यक्ष अनुभव’ या शब्दांत फार रस आहे. तीस वर्षं शहराच्या गटारात उतरलेल्या माणसाला इमारतीच्या पोटाचा जो अनुभव असतो, तो कुठल्या विद्यापीठात मिळतो? त्याला सदस्य करा असं म्हटलं की लोक हसतात. पण मोठ्या संकुलाचा प्रस्ताव असेल तेव्हा सफाई कामगारांच्या प्रतिनिधीला बैठकीला बोलवून नकाशा दाखवायला काय हरकत आहे? वास्तुविशारदाला तर चर्चेला बोलावतातच. आपल्यातला एखादा वास्तुविशारद तिथं सदस्य म्हणून बसला तरी आनंदच होईल, पण त्यालाही तोच छापील शेरा लिहायला लावतील अशी मला भीती वाटते.

पुतळ्यांचं म्हणाले होते. बागांमधले आणि सरकारी जागांमधले पुतळे कुठं बसवायचे, त्यांचा नमुना कोणता, हाही कायद्यानं सौंदर्याचा प्रश्न आहे. निळ्या कोटातले, हातात संविधान घेतलेले बाबासाहेब वस्तीच्या वर्गणीतून उभे राहतात तेव्हा कलाजाणकार मंडळी त्यांना बेढब म्हणतात. यमुनेपलीकडे नोएडात २०११ साली दलित प्रेरणा स्थळ उघडलं, तेव्हा हत्तींवर आणि दगडांवर केवढे अग्रलेख झाले. वस्तीतल्या पुतळ्याची प्रमाणं चुकलेली असतात, हे मलाही दिसतं. पण प्रमाण शिकवणाऱ्या शाळेत आपण कधी पोचलो, याचाही हिशोब त्याच अग्रलेखात यायला हवा होता. जतनाचं तसंच. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांनी जिथं देह ठेवला ते २६, अलीपूर रोडवरचं मूळ घर आज नाही; २०१८ साली उघडलेलं स्मारक आहे. २०१७ च्या एप्रिलमध्ये प्रगती मैदानातलं हॉल ऑफ नेशन्स पाडलं तेव्हा माझ्या व्यवसायातले लोक खरोखर रडले, आणि इमारत रडण्यासारखीच होती. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेरीस कठपुतळी कॉलनीवर बुलडोझर गेला. कळसूत्री बाहुल्यावाले, जादूगार, डोंबारी यांची दशकांची वस्ती. तेव्हा त्याच लोकांच्या तोंडून मला फारसं काही ऐकू आलं नाही.

नोकरांच्या खोल्यांचं एक उदाहरण देऊन पुढं जाते. दिल्लीच्या २०२१ च्या बृहत् आराखड्यात सर्व्हंट क्वार्टरची खोली किमान ११ चौरस मीटर आणि सगळं मिळून क्वार्टर कमाल २० चौरस मीटर असं मोजून दिलंय. किमान मर्यादा समजते. कमाल कशासाठी? कारण त्याहून मोठी झाली तर ती पूर्ण घर म्हणून मोजावी लागेल. गृहसंकुलात १५ टक्के चटईक्षेत्र दुर्बल घटकांसाठी ठेवायचं असतं, त्यांना आराखडा ‘कम्युनिटी सर्व्हिस पर्सोनेल’ असं नाव देतो. म्हणजे गरीब माणूस शहरात राहणार तो कुणाची तरी सेवा करायलाच. दिल्लीबाहेरच्या एका शहरात आमच्या अशाच संकुलाचा प्रस्ताव तिथल्या समितीपुढं होता. दुर्बल घटकांची इमारत मागच्या कोपऱ्यात, तिला वेगळं फाटक, बागेकडे भिंत. समितीनं त्या इमारतीवर एकच शेरा दिला, तिचा रंग बाकीच्या टॉवरशी जुळवा. रंग जुळवला. फाटक आणि भिंत जशीच्या तशी.

आपल्यातल्या सिव्हिल, आर्किटेक्चर, कायदा झालेल्या मुलामुलींना माझं सांगणं थोडक्यात आहे. ही इतिवृत्तं वाचायला परवानगी लागत नाही. तुमच्या ओळखीचं कुणी जिथं सफाईला, पहाऱ्याला किंवा घरकामाला जातं असं एखादं संकुल, रुग्णालय किंवा सरकारी इमारत निवडा आणि तिच्यावरचे शेरे शोधा. टाकीबद्दल काय लिहिलंय, पहारेकऱ्याच्या संडासाबद्दल काही आहे का, कामवाल्या बाईला कोणत्या लिफ्टनं जावं लागणार ते नकाशावरून कळतं का, एवढंच बघा. तळघराचा नकाशा आणि सेक्शन संकेतस्थळावर मिळाला नाही तर माहिती अधिकारात मागा. केंद्र सरकारच्या कार्यालयांना अर्जाची फी दहा रुपये आहे. सुरक्षेचं किंवा गोपनीयतेचं कारण देऊन नाकारतील. त्यावर पहिलं अपील तीस दिवसांत करायचं असतं. सरकारी इमारतीपासून सुरुवात केलेली बरी, तिथं खासगी मालकाची आड येत नाही. नकाशा हातात आला आणि वाचता आला नाही, तर आपल्यात आता तो वाचणारे आहेत.