‘नकार’ आणि नकाराचे शब्द

गेल्या काही दशकांत मराठी समीक्षेत ‘नकार’ ही संकल्पना प्रतिष्ठा पावली. नकाराचे शब्द मात्र उपेक्षितच राहिले. दलित साहित्याच्या चर्चेत नकार आणि विद्रोह ही पदे सिद्धान्ताच्या पातळीवर सतत योजली जातात. परंतु पात्र प्रत्यक्षात ‘नको’ किंवा ‘न्हाई’ म्हणते, तेव्हा हीच समीक्षा ‘बोलीचा गोडवा’ एवढी नोंद करून पुढे सरकते. तरुण पात्राच्या तोंडी ‘ओके’, ‘या’, ‘नो वे’ आले, की भाषिक प्रदूषणाची तक्रार सुरू होते. गोडवा आणि प्रदूषण हे दोन्ही शेरे एकाच आळसातून जन्मतात: शब्द कोण उच्चारतो आणि कोणाला उद्देशून, हे न पाहण्याच्या.

मराठीचे व्याकरण हा आळस खपवून घेत नाही. इंग्रजी ‘नो’ किंवा त्याचे सैल रूप ‘नोप’ श्रोत्याच्या दर्जानुसार बदलत नाही. मराठीत विधान नाकारण्यास ‘नाही’, ओळख नाकारण्यास ‘नव्हे’ आणि देऊ केलेली गोष्ट नाकारण्यास ‘नको’ आहे. शिवाय ‘नको’ क्रियापदासारखा चालतो. ‘जाऊ नकोस’ आणि ‘जाऊ नका’ यांतील अंतर वचनाइतकेच सामाजिक उतरंडीचेही आहे. ‘होय’, ‘व्हय’, ‘हाव’, ‘जी’ यांचा कोशातला अर्थ एक ठरेल. पण वक्त्याचा प्रदेश, शिक्षण आणि पुष्कळदा जातही त्या एका उच्चारात उघडी पडते.

‘ओके’चा विचार येथून व्हावयास हवा. १८३९ साली बॉस्टनच्या एका वृत्तपत्रात ‘ऑल करेक्ट’च्या मुद्दाम चुकविलेल्या स्पेलिंगची आद्याक्षरे म्हणून थट्टेने छापला गेलेला हा शब्द. बागलाण वा सुरगाण्याहून नाशिकच्या महाविद्यालयात आलेला विद्यार्थी तो वापरतो, तेव्हा ते केवळ अनुकरण नसते. गावाचा शिक्का नसलेला होकार तो निवडत असतो. इंग्रजीही वर्गाची खूण आहे, हा आक्षेप रास्तच आहे. परंतु ‘ओके’ म्हणण्यास इंग्रजी शाळा लागत नाही. मात्र हाच ‘ओके’ लाचार ‘जी’वरचे पांघरूणही ठरू शकतो. या दोहोंतील भेद संवादाच्या वाचनातूनच कळेल, शुद्धतेच्या आग्रहातून नव्हे.

नाशिक जिल्ह्याच्या इतिहासात हा प्रश्न शब्दच्छलाचा राहत नाही. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याची घोषणा केली. त्या घोषणेचे सारे बळ एका साध्या ‘नाही’त होते. याच जिल्ह्यात जन्मलेल्या बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह १९६३ सालचा. शीर्षककथेतल्याप्रमाणे जात लपवून परगावी नोकरी करणाऱ्या माणसाचा प्रत्येक होकार जोखमीचा असतो आणि प्रत्येक नकार त्याहून अधिक. अशा कथेचा विद्रोह केवळ आशयात शोधणारी समीक्षा तिचा अर्धा भाग वाचतच नाही.

नकाराचे तत्त्वज्ञान सांगणाऱ्यांनी आधी पात्राचा ‘नको’ ऐकावा. तो ज्याला ऐकू येत नाही, त्याच्या सिद्धान्तातला नकार हा प्रस्थापिताला दिलेला आणखी एक होकारच होय.