पट्ट्या आणि पोट

कामठीहून एका वाचकभगिनीचें पत्र आम्हांस आलें आहे. कन्हानकांठची ही कामठी म्हणजे १८२१ सालीं वसलेली लष्करी छावणी. तेथें पियानोचे सूर कानीं पडावे यांत नवल नाहीं. बाईंची कन्या बाळपणापासून तें वाद्य शिकली असून वादन, शिकवण्या व स्वररचना यांवरच आयुष्य काढावें, असा तिचा मानस आहे. मामंजी म्हणतात, “पट्ट्या बडवून पोट भरत नसतें.” बाईंनीं आमचें मत मागितलें आहे.

युरोपांतील दाखले पुष्कळ देतां येतील. पण घरचा असतां दूर कां जावें? कै. गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांनीं हातीं धरिली ती पेटी. परंतु पेटी ही पियानोचीच आप्त. पट्ट्यांची मांडणी तीच, सप्तकाचे बारा सारखे भाग पाडण्याची खोडहि तीच. पियानोचा सूर तारेवर हातोडी पडतांच उमटतो आणि लागलाच विरूं लागतो; पेटीचा, भाता हलेल तोंवर टिकतो, इतकेंच. मींड दोहींतहि नाहीं. असल्या दोषांवर बोट ठेवून १९४० सालीं रेडिओनें पेटीला दार लाविलें. तें किलकिलें होण्यास १९७१ साल उजाडावें लागलें!

ह्या आडमुठ्या वाद्यांतून गोविंदरावांनीं गाणें काढलें तें कानाच्या बळावर. भास्करबुवा बखले यांना ते गुरु मानीत; अल्लादियाखांसाहेबांच्या गायकीचाहि त्यांना मोठा ध्यास. जी मींड पट्टीवर निघत नाहीं, तिचा भास कणस्वरांनीं करावयाचा, तर मूळ मींड आधीं मनांत वाजली पाहिजे. नुसत्या बोटांच्या तयारीला हें साधत नाहीं.

आतां पोटाकडे वळूं. १९११ सालीं ‘मानापमाना’च्या पदांस त्यांनीं चाली दिल्या, आणि त्या घरोघर पोंचल्या. चाल बांधणें म्हणजे ती नटांच्या गळीं उतरविणेंहि आलेंच, तेंहि अध्यापनच. १९१३ सालीं बालगंधर्व व गणपतराव बोडस यांच्यासह गंधर्व नाटक मंडळीचे ते भागीदार झाले. पुढें तींतून निघून स्वतःची शिवराज मंडळी काढली (मंडळी चालविणें हा निराळाच व्याप, त्याची शिफारस आम्ही कोणास करणार नाहीं). १९३२ सालीं ‘अयोध्येचा राजा’ ह्या बोलपटाचें संगीत त्यांचें, आणि हरिश्चंद्रहि तेच. शिवाय ग्रंथलेखन. मामंजींची शंका अगदींच अनाठायीं नाहीं: नुसत्या बैठकींतील वादनावर त्यांचा संसार उभा नव्हता.

म्हणून बाईंस आमचें सांगणें असें: मुलीला अडवूं नये, पण एखाद्या चांगल्या गवयाकडे तिनें दोन वर्षें गळ्यानें गाणें शिकावें. नागपूर कांहीं लांब नाहीं. शिकवण्या आजपासूनच सुरू कराव्या. पहिल्या महिन्याची फी कितीहि अल्प असली तरी ती मामंजींच्या हातीं द्यावी.

मामंजी नाटकवेडे आहेत, असें पत्रांत ओझरतें आलें आहे. तर निकाल देण्यापूर्वीं त्यांनीं नातीकडून ‘मानापमाना’तील एखादें पद पियानोवर वाजवून घ्यावें. गळा जेथें मींड घेतो त्या जागीं पोर काय करते, हें त्यांना आमच्याहून अधिक कळेल.