विश्लेषण : ओपन सोर्स परिषदेला माणसे का टिकत नाहीत?

जिल्ह्याच्या ठिकाणी होणाऱ्या तंत्रज्ञान परिषदांचे चित्र ओळखीचे आहे. दीपप्रज्वलनाला सभागृह तुडुंब, जेवणानंतर निम्म्या खुर्च्या रिकाम्या. समोर बसलेले बहुतेक विद्यार्थी महाविद्यालयाने नोटीस काढली म्हणून आलेले असतात. प्रमाणपत्र हातात पडले की ते बसस्टँड गाठतात. अहवालात मात्र ‘उत्स्फूर्त प्रतिसाद’ असे छापून येते.

ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड कुणालाही वाचता, बदलता आणि वाटता येतो असे सॉफ्टवेअर. फायरफॉक्स, व्हीएलसी, लिब्रेऑफिस ही रोजच्या वापरातली उदाहरणे; अँड्रॉइड फोनच्या मुळाशीही लिनक्सच आहे. हे सगळे हातभार लावणाऱ्यांवर चालते. त्यामुळे हजेरीसाठी आणलेली गर्दी इथे फारशी कामाची नाही.

मोठा वक्ता आणला तर?

एका वक्त्याच्या विमान आणि हॉटेलात निम्मे बजेट जाते आणि त्याचे भाषण यूट्यूबवर आधीच असते. ब्रसेल्सची ‘फॉसडेम’ परिषद बघा. विद्यापीठाच्या आवारात शनिवार-रविवारी भरते, शुल्क नाही, नावनोंदणीही नाही; तरी हजारो लोक येतात. तिथे वेगवेगळ्या प्रकल्पांना आणि विषयांना स्वतंत्र खोल्या मिळतात. त्या खोलीत कोण बोलणार हे त्या विषयात काम करणारेच ठरवतात, साहजिकच आपली माणसेही तेच घेऊन येतात. गर्दी जमवायचे काम असे आपोआप वाटले जाते.

मग सुरुवात कुठून करायची?

महिन्याच्या कट्ट्यापासून. वर्डप्रेस वापरणाऱ्यांच्या ‘वर्डकॅम्प’ परिषदा पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर इथे झाल्या आहेत. शहरात नियमित भेटणारा गट आधी हवा, परिषद नंतर, अशी तिथली पद्धत आहे. वर्षभर दहा-पंधरा जण भेटत असतील तर त्यातला प्रत्येक जण चार ओळखीचे आणतो. कट्टा नसताना थेट परिषद भरवली की फ्लेक्स लावूनही माणसे येत नाहीत.

दुसरा अडसर भाषेचा. वक्ता मराठी, श्रोते मराठी आणि भाषण अडखळत्या इंग्रजीत, हा हट्ट कशासाठी? कोड इंग्रजीत राहू द्या, समजावणे मराठीत होऊ द्या. मग अभियांत्रिकीबाहेरची माणसेही येतील. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये कसा आणायचा, हा आपल्याकडच्या डीटीपीवाल्यांचा रोजचा त्रास आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्ता’ हा फाँट खुल्या परवान्यावर मिळतो. या विषयावर दोन तासांची कार्यशाळा ठेवा, लॅपटॉप घेऊन यायला सांगा. ती खोली दुपारी चारलाही भरलेली असेल. शाळेच्या जुन्या संगणकांवर लिनक्स चढवून दाखवले तर शिक्षकही रविवार मोडून येतील.

प्रवेश फुकट ठेवावा का?

माझे मत, ठेवू नये. फुकट नोंदणीत तीनशे नावे येतात, माणसे येतात शंभर आणि उरलेले जेवण वाया जाते. फॉसडेमला फुकट परवडते, कारण तिथे ताटे मोजायची नसतात. आपल्याकडे शंभर-दोनशे रुपयांचे तिकीट असले की येणारा येतोच. परवडत नसेल त्या विद्यार्थ्याला अर्ध्या दिवसाच्या स्वयंसेवेवर प्रवेश द्यावा. बरेचसे पुढचे आयोजक त्यातूनच मिळतात.

राहिली तारीख. जागतिक ‘सॉफ्टवेअर फ्रीडम डे’ सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी असतो, पण आपल्याकडे तो अनेकदा गणेशोत्सवाच्या आगेमागे येतो. तेव्हा कार्यकर्ते मंडपात असतात. ऑक्टोबरपासून परीक्षांची गडबड. जानेवारीचा एखादा रविवार बरा, फक्त त्या दिवशी शहरात मॅरेथॉन किंवा स्पर्धा परीक्षेचा पेपर नाही ना, एवढे आधी तपासून घ्यावे.